वाट पाहिलेली जनुके, वाटेत मिळालेली जनुके

सूरजकुंडच्या पलीकडे, फरिदाबादच्या हद्दीत अनंगपूर नावाचे गाव आहे. तोमर राजांच्या काळातला दगडी बांध बघायला हौशी मंडळी तिथे जातात. पण त्याच अरवलीच्या टेकड्यांत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आदिम अश्मयुगातली दगडी हत्यारे मोठ्या संख्येने सापडली होती, हे दिल्लीकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आज जिथे जुन्या खाणींचे खड्डे, फार्महाउसे आणि उंच सोसायट्या दिसतात, तिथे कधीकाळी कोणीतरी मांडी घालून क्वार्टझाइटच्या हातकुऱ्हाडी घडवत होते. हे ‘कोणीतरी’ म्हणजे नेमके कोण, याचे उत्तर अनंगपूर देत नाही, कारण तिथे हाड नाही. तमिळनाडूतल्या अत्तिरमपाक्कमची हत्यारे पंधरा लाख वर्षांपर्यंत मागे जातात, तिथेही हाड नाही. १९८२ साली अरुण सोनकिया यांना नर्मदेकाठी हथनोरा इथे मिळालेला कवटीचा तुकडा सोडला, तर आपल्या उपखंडातल्या आदिमानवाने हत्यारे भरपूर ठेवली आणि स्वतःला मात्र जवळजवळ पुसून टाकले. त्यामुळे या भूमीतल्या माणसाची सुरुवातीची कहाणी वाचायची, तर ती जमिनीतून कमी आणि जिवंत माणसांच्या रक्तातून जास्त वाचावी लागते. आणि रक्तातून वाचायला बसले की पहिलाच प्रश्न पडतो तो असा: माणसात जे बदल झाले, ते त्याच्या ठिकाणी उपजले की दुसरीकडून आले?

उपजणे म्हणजे उत्परिवर्तन. डीएनएची नक्कल होताना एखादे अक्षर चुकते, गळते, दुप्पट होते. ती चूक बीजात गेली की पुढच्या पिढीत उतरते. येणे म्हणजे जनुकप्रवाह. एका समूहातली माणसे दुसऱ्या समूहात मिसळतात, त्यांना मुले होतात आणि एका ठिकाणी घडलेला बदल दुसऱ्या ठिकाणी रुजतो. आपल्याकडच्या शिकवणीत पहिल्याला मानाचे पान असते आणि दुसऱ्याची एका ओळीत बोळवण होते: उत्परिवर्तन नवे घडवते, जनुकप्रवाह फक्त समूहांमधला फरक पुसतो. आता तेवढेही शिकवले जाते का, हा प्रश्नच आहे. दिल्लीच्या अरबिंदो मार्गावरच्या एनसीईआरटीने ‘भार हलका करताना’ दहावीच्या विज्ञानातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातली उत्क्रांती काढून टाकली. २०२३ च्या एप्रिलमध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. त्याच संस्थेने वर्षभराने बारावीच्या इतिहासात राखीगढीच्या प्राचीन डीएनएचे निष्कर्ष घातले. म्हणजे उत्क्रांती न शिकता तिच्या पुराव्यावर मत बनवायची सोय झाली. तो वाद इथे लांबवत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ‘प्रवाह फरक पुसतो’ ही ओळ आदिमानवाच्या बाबतीत निम्मीच खरी आहे. तो संख्येने इतका थोडा होता की स्वतःच्या उपयोगी उत्परिवर्तनाची वाट पाहत बसणे त्याला परवडणारे नव्हते. अनेक नाजूक प्रसंगी त्याला तारले ते वाटेत भेटलेल्यांकडून आलेल्या जनुकांनी.

हे केवळ भावनेने म्हणत नाही; साधे गणित मांडून पाहता येते. त्याचा पाया जे. बी. एस. हॉल्डेन यांनी घातला. हे तेच हॉल्डेन, जे १९५७ साली इंग्लंड सोडून कोलकात्याला आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. हिमोफिलियाच्या रुग्णांवरून माणसातल्या उत्परिवर्तनाचा वेग काढण्याचा प्रयत्न त्यांनी १९३५ साली केला होता. आज आईवडील आणि मूल अशा तिघांचेही संपूर्ण जनुकसंच वाचता येत असल्यामुळे तो वेग थेट मोजला जातो. दर पिढीला, दर अक्षरामागे तो साधारण १.२ भागिले दहा कोटी इतका येतो. म्हणजे प्रत्येक बाळ आईवडिलांकडे नसलेले साठ-सत्तर नवे बदल घेऊन जन्माला येते आणि त्यांतले बहुतेक बापाकडून येतात. आता आदिमानवाच्या एखाद्या समूहाची प्रजननक्षम संख्या दहा हजार धरू. आपल्या पूर्वजांसाठी अभ्यासक बराच काळ हाच आकडा वापरत आले आहेत. दहा हजार माणसांत प्रत्येक जनुकाच्या वीस हजार प्रती. एका ठरावीक जागचे अक्षर बदलायला सरासरी चार हजार पिढ्या लागतात. बदलून तीन अक्षरे होऊ शकतात आणि आपल्याला हवे ते एकच, म्हणून साडेबारा हजार पिढ्या, अर्थात तीन लाखांहून जास्त वर्षे. एवढी वाट पाहून आलेला बदल टिकेलच असेही नाही. हॉल्डेन यांनीच १९२७ साली दाखवले होते की एखादा बदल एक टक्का फायद्याचा असला, तरी तो टिकण्याची शक्यता फक्त दोन टक्के असते. बाकी वेळा पहिला वाहक वाघाच्या तोंडी जातो किंवा निपुत्रिक मरतो आणि हिशेब तिथेच संपतो. म्हणजे तो बदल पन्नासदा उपजला, तेव्हा कुठे एकदा रुजायचा. वाट दीड कोटी वर्षांच्याही पुढे जाते. आपली अख्खी जात तीन लाख वर्षांची!

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवू. तोच बदल शेजारच्या, लाखो वर्षे त्या हवापाण्यात मुरलेल्या समूहात आधीच रुजलेला आहे आणि त्या समूहाचा एक टक्का अंश आपल्या दहा हजारांत मिसळतो. एका फटक्यात त्या जनुकाच्या दोनशे प्रती हाती येतात. एकेकीची टिकण्याची शक्यता दोनच टक्के असेल, पण दोनशेच्या दोनशे नाहीशा होण्याची शक्यताही जेमतेम दोन टक्के. उत्परिवर्तन म्हणजे पिढ्यान्पिढ्या एकेक तिकीट काढणे. प्रवाह म्हणजे तिकिटांचा गठ्ठाच हाती पडणे.

या गणितावर पहिला आक्षेप येईल तो योग्यच असेल. निसर्गाला ठरावीक अक्षर हवे असते असे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात उंची, कातडीचा रंग, रोगाला तोंड देण्याची ताकद अशा गुणांमागे शेकडो जागा असतात आणि त्यांतली कुठलीही बदलली तरी काम भागते. बरोबर आहे, जागा जितक्या जास्त तितकी वाट कमी. पण इथे मोडणे आणि घडवणे यांत फरक करायला हवा. एखादे जनुक निकामी करायला वाटा अनेक असतात. बीटा थॅलेसेमियाचेच पाहा: एकाच जनुकात तो आजार घडवणारे दोनशेहून जास्त बदल सापडले आहेत आणि वाहकाला हिवतापापासून मिळणाऱ्या संरक्षणामुळे ते निरनिराळ्या देशांत स्वतंत्रपणे वाढले. जिथे मोडून भागते, तिथे उत्परिवर्तन चटकन धावून येते. जिथे नेमके काहीतरी घडवायचे असते, तिथे ते संथ आहे. दुसरा आक्षेप असा की समूहात जुना, आधीच साठलेला विविधतेचा गल्ला असतोच, निवड त्यातून काढून घेते. नव्या उत्परिवर्तनाची गरजही नाही आणि परक्या रक्ताचीही नाही. हाही मान्य. मात्र आफ्रिकेतून बाहेर पडताना माणसाचा तो गल्ला बराच रिकामा झाला होता. बाहेर पडलेले थोडे होते. आजही आफ्रिकेबाहेरच्या सगळ्या जगात मिळून जेवढी विविधता नाही, तेवढी आफ्रिकेत आहे. पुढच्या थंड, उंच, नव्या रोगांच्या मुलखांसाठी त्या गल्ल्यात फारसे काही नव्हते.

प्रत्यक्ष पुरावा दिल्लीत यमुनेकाठी मजनू का टीला इथे राहतो. तिबेटी निर्वासितांच्या या वसाहतीत मोमो खायला जाणाऱ्या कॉलेजच्या मुलांना गल्ल्यावर बसलेल्या आजीबाईंच्या जनुकांची कल्पना असण्याचे कारण नाही. तिबेटी लोकांपैकी बहुसंख्यांकडे ईपीएएस१ या जनुकाचे एक खास रूप असते. विरळ हवेत आपल्यासारख्यांचे रक्त तांबड्या पेशी वाढवून घट्ट होत जाते. हे रूप ती वाढ आवरते. २०१४ साली एमिलिया वेर्ता-सांचेझ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हा तुकडा डेनिसोव्हन मानवाकडून आला आहे. सैबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेतल्या बोटाच्या एका हाडावरून २०१० साली ज्यांची ओळख पटली, ते हे डेनिसोव्हन. त्यांच्याच वंशातला, एक लाख साठ हजार वर्षांपूर्वीचा जबडा तिबेटच्या पठाराच्या ईशान्य कडेला, सव्वातीन हजार मीटर उंचीवरच्या गुहेत मिळाला आहे. ज्यांनी डोंगर पचवला होता, त्यांच्याकडून डोंगराचे औषध आले, अशी गोष्ट इथे सुरेख जुळते. जरा जास्तच सुरेख जुळते, म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. मिसळ होणे आणि त्या तुकड्याला निवडीने उचलून धरणे, या दोन घटनांत काही दहा हजार वर्षांचे अंतर असावे असे नंतरच्या अभ्यासातून दिसते. म्हणजे ‘शेजाऱ्याने दिले आणि लगेच उपयोगी पडले’ असे घडले नाही. ते सोन्यासारखे घरात पडून राहिले आणि पठारावर वस्ती करायची वेळ आली, तेव्हा बाहेर निघाले.

पण शेजाऱ्याकडून नेहमी सोनेच येते असे नाही, आणि प्रवाहाची बाजू मांडणाऱ्याने हे लपवू नये. निअँडरथल मानवाशी आपल्या पूर्वजांची मिसळ झाली, हे २०१० साली स्वांते पेबो यांच्या चमूने सिद्ध केले. अलीकडच्या हिशेबानुसार ती सुमारे सत्तेचाळीस हजार वर्षांपूर्वीच्या आसपास, काही हजार वर्षे चालू होती. रोमेनियातल्या ओआसे गुहेतल्या एका माणसाचा निअँडरथल पूर्वज तर जेमतेम चार ते सहा पिढ्या मागे होता. आज आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्या वंशाचा दीड-दोन टक्के अंश उरला आहे. पण तो सारखा पसरलेला नाही. एक्स गुणसूत्रावर तो फारच कमी आहे, वाय गुणसूत्रावर अजिबात नाही आणि बोलण्याशी संबंध जोडल्या गेलेल्या फॉक्सपी२ जनुकाच्या भोवतीचा लांबलचक पट्टा वाळवंटासारखा कोरडा आहे. कारण निअँडरथल आपल्याहूनही थोडे होते. छोट्या समूहात निवड ढिली पडते आणि किंचित अपायकारक उत्परिवर्तने साचत जातात. त्यांचा तो भार मिसळीबरोबर आपल्याकडे आला आणि निवडीने पुढे पिढ्यान्पिढ्या त्याची साफसफाई केली. प्रवाह उलट्या दिशेनेही गेला: उत्तरकालीन निअँडरथलांचे वाय गुणसूत्र मूळचे आपल्याच वंशाचे होते, असे २०२० साली दिसून आले. तेव्हा मिसळ म्हणजे वरदान किंवा मिसळ म्हणजे भेसळ, ही दोन्ही टोके पुराव्यात बसत नाहीत. तिने सगळेच आणले आणि निवडीने नंतर पाखडले.

पाखडणे अजून चालू आहे, हे दिल्लीला २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कळायला हवे होते. पण त्या दिवसांत असल्या चर्चेला उसंत कुणाला होती? त्याआधी सहा-सात महिने ह्यूगो झेबर्ग आणि पेबो यांनी दाखवले होते की कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा, तिसऱ्या गुणसूत्रावरचा सुमारे पन्नास हजार अक्षरांचा तुकडा निअँडरथलांकडून आला आहे. युरोपात तो सोळा टक्के लोकांकडे आहे, दक्षिण आशियात निम्म्यांकडे, बांगलादेशात त्रेसष्ट टक्क्यांकडे, आणि पूर्व आशियात जवळजवळ कुणाकडेच नाही. एवढा घातक तुकडा आपल्याकडे एवढा बोकाळला कसा? पूर्वी कधीतरी कुठल्या दुसऱ्या रोगाविरुद्ध तो उपयोगी पडला असणार, अशी अटकळ आहे आणि गंगेच्या मुखाशी कॉलरा काही नवा नाही. पण ती अटकळच. एवढे मात्र दिसले आहे की हाच तुकडा असलेल्यांना एचआयव्हीचा संसर्ग होण्याचा धोका कमी असतो. बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा एक निअँडरथल तुकडा तर कोविडपासून काहीसा वाचवतो. दिल्लीतल्या मृत्यूंचे खापर मात्र निअँडरथलांवर फोडू नये. त्या लाटेत ऑक्सिजन संपला होता, खाटा संपल्या होत्या आणि डेल्टा आला होता. दिल्लीतल्या डेल्टाचा माग सीएसआयआरच्या आयजीआयबीने आणि राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने काढला, आणि तो माग आपल्या मुद्द्याला पूरकच आहे. विषाणू उत्परिवर्तनावर जगतो, कारण तो अब्जावधींच्या संख्येत असतो. त्याला वाट पाहावी लागत नाही. संख्या थोडी असलेल्या जिवाला ही चैन नसते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. कोणी म्हणेल, हे सगळे उशिराचे किरकोळ किस्से झाले. माणूस माणूस झाला तो उत्परिवर्तनांनीच. दोन गुणसूत्रे जोडली जाऊन आपले दुसरे गुणसूत्र बनले, मेंदूच्या पेशी वाढवणारे एआरएचजीएपी११बी हे जनुक आधी दुप्पट होऊन आणि मग एका अक्षराच्या बदलाने कामाला लागले. हे निअँडरथलांकडून आलेले नाही. उलट त्यांच्याकडेही ते होते, म्हणजे दोघांच्या समाईक पूर्वजाचे. हे खरे आहे आणि मूळ अक्षर उत्परिवर्तनच लिहिते, याबद्दल वादच नाही. प्रश्न आहे तो वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेली अक्षरे एका माणसात एकत्र कशी आली, हा. एका बागेत, एका जमातीत माणूस घडला आणि मग जगभर पसरला, हे चित्र १९८७ च्या मायटोकॉण्ड्रियल अभ्यासानंतर बराच काळ डोळ्यांपुढे होते. आफ्रिकेतल्याच पुराव्याने ते मोडले. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचा चेहरा तीन लाख वर्षांपूर्वीच आपल्यासारखा होता, पण कवटी लांबट होती. इथिओपियातल्या ओमोच्या कवटीला गोलाई आली होती. आधुनिक माणसाची लक्षणे एकाच ठिकाणी एकदम उगवली नाहीत, खंडभर तुकड्या-तुकड्यांनी उगवली. २०२३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका विश्लेषणात आफ्रिकेत लाखो वर्षे एकमेकांशी अधूनमधून मिसळणारे दोन तरी वंशप्रवाह दिसले. २०२५ साली केंब्रिजच्या कझिन्स, स्कॅली आणि डर्बिन यांनी त्याहून जुनी फाटाफूट मांडली: पंधरा लाख वर्षांपूर्वी वेगळे झालेले दोन समूह तीन लाख वर्षांपूर्वी ऐंशी-वीस प्रमाणात पुन्हा एक झाले आणि त्या संगमातून आपण सगळे आलो. या प्रतिमानांचे आपसांत पटत नाही, तपशील बदलतील. पण एकसंध, एकाकी पूर्वज समूह आता फारसे कुणी मांडत नाही. ज्या उत्परिवर्तनांचा दाखला आक्षेपक देतो, तीसुद्धा संगमावाचून एका माणसात जमली नसती.

आपल्या उपखंडाकडे आले की पुरावा एकदम दाट होतो, आणि तोही मोठ्या प्रमाणात दिल्लीच्या आधाराने. म्हातारपणातल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी एम्सने अमेरिकी विद्यापीठांबरोबर देशभरातल्या ज्येष्ठांची तपासणी केली. त्यांतल्या २,७६२ जणांच्या जनुकसंचाचे विश्लेषण २०२५ साली ‘सेल’ या नियतकालिकात आले. नुसत्या भारतीयांच्या शरीरातले विखुरलेले तुकडे जोडून निअँडरथल जनुकसंचाचा जवळजवळ निम्मा आणि डेनिसोव्हन जनुकसंचाचा पाचवा हिस्सा परत मिळाला. दुसरा निष्कर्ष पुरातत्त्वज्ञांना टोचणारा आहे: आपल्या विविधतेचा बहुतांश भाग सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून निघालेल्या एकाच मोठ्या लाटेतून येतो. मग आंध्रातल्या ज्वालापुरम इथे तोबा ज्वालामुखीच्या चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या राखेखाली आणि वर मिळालेली हत्यारे, सोन नदीच्या खोऱ्यातल्या ढाबा इथली ऐंशी हजार वर्षांपासूनची सलग हत्यारे, ही कुणाची? दोन्ही पुरावे एकमेकांना खोडत नाहीत. हत्याराला जनुक नसते. आधी आलेले लोक होते, असावेत. त्यांचा प्रवाह नंतरच्यांत इतका बारीक मिळाला की आजच्या मोजमापात तो दिसत नाही.

नंतरच्या काळात, शेती आणि गुरे यांच्या सोबतीने, उत्परिवर्तन आणि प्रवाह यांच्यातली श्रमविभागणी फार स्पष्ट दिसते. मोठेपणी दूध पचवण्याची ताकद घ्या. केनिया आणि टांझानियातल्या पशुपालकांत ती एका वेगळ्या उत्परिवर्तनाने स्वतंत्रपणे उपजली, हे सारा टिशकॉफ यांनी २००७ साली दाखवले. मग राष्ट्रीय दुग्ध अनुसंधान संस्था ज्या कर्नालमध्ये आहे आणि ज्या हरियाणाची ओळखच दूध-दह्याची आहे, तिथे? भारतातल्या दोन हजारांहून अधिक नमुन्यांचा २०१२ चा अभ्यास सांगतो की आपल्याकडे प्रामुख्याने पसरलेला बदल युरोपातल्याच बदलाची प्रत आहे; अक्षर तेच आणि आजूबाजूचा मजकूरही तोच. वायव्येकडून पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे जावे तसतसे त्याचे प्रमाण उतरते. गाई-म्हशी इथल्या, दूध इथले, पचवण्याची किल्ली मात्र वाटेने आली. कातडी उजळ करणाऱ्या एसएलसी२४ए५ मधल्या बदलाचीही तीच कथा. भारतात तो जिथे जिथे आहे, तिथे तिथे एकाच मूळ पूर्वजाचा. उलट उदाहरणही आहे. एमवायबीपीसी३ या हृदयाच्या जनुकातली पंचवीस अक्षरांची गळती दक्षिण आशियात सुमारे चार टक्के लोकांत आढळते, ती इथेच सुमारे तेहतीस हजार वर्षांपूर्वी झाली असावी आणि इथेच पसरली. तिचा त्रास उतारवयात, मुले झाल्यावर होतो, म्हणून निवडीच्या नजरेतून ती सुटली. नंदुरबार आणि गडचिरोलीला भेडसावणाऱ्या सिकलसेलबाबत तर मतच उलटले आहे. एकच अक्षर आफ्रिकेत चार ठिकाणी आणि अरब-भारतीय पट्ट्यात पाचव्यांदा, असे स्वतंत्रपणे बदलले असे पाठ्यपुस्तके सांगत आली. २०१८ साली श्राइनर आणि रोटिमी यांनी सगळ्यांचे मूळ सुमारे सात हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या एका उत्परिवर्तनात दाखवले. जिथे पाच उपजणी धरल्या होत्या तिथे एक उपज आणि लांबचा प्रवास निघतो आहे. वर मांडलेल्या गणिताला हे नवल नाही.

प्रवाह दिसला की लोक त्यात वंशावळ शोधू लागतात, आणि तिथे सावध राहावे लागते. राखीगढी दिल्लीहून दीडशे किलोमीटरवर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूने तिथल्या दफनांतून घेतलेल्या एकसष्ट नमुन्यांपैकी एकाच स्त्रीचा डीएनए वाचण्याजोगा निघाला. उष्णतेने बाकीचे खाल्ले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षात तिच्यात इराणी पठाराशी दूरचे नाते सांगणारा एक वंश आणि दक्षिण आशियाचा आदिम वंश असे दोन प्रवाह होते. स्टेपचा, म्हणजे मध्य आशियाकडच्या गवताळ पट्ट्यातल्या पशुपालकांचा, तिसरा प्रवाह नव्हता. एका बाजूने तिच्यावरून ‘बाहेरून कोणी आलेच नाही’ असे जाहीर केले, दुसऱ्या बाजूने ‘ती आर्य नव्हती’ असे. ती एकटी एवढेच सांगते की तिच्या काळी, तिच्या गावात, तिच्या अंगात स्टेपचा वंश नव्हता. आजच्या हरियाणात तो आहे, आणि तो नंतर आला. मराठी माणसाला याहून जवळचे उदाहरण पानिपत आणि कर्नाल भागातल्या रोड समाजाचे आहे. १७६१ नंतर मागे राहिलेल्या मराठी सैनिकांचे आपण वंशज, असे त्या समाजातले अनेक जण अभिमानाने मानतात. २०१८ च्या एका जनुकीय अभ्यासात रोड आणि जाट हे स्टेप वंशाचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या भारतीय समूहांत निघाले. म्हणजे समाज म्हणून त्यांचे नाते दख्खनशी नाही, वायव्येशी आहे. मग एकाही रोड घराण्यात मराठा पूर्वज नसेल? असे म्हणता येत नाही. नऊ-दहा पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाचा वाटा हजारात एक-दोन इतका उरतो, पुष्कळदा तोही उरत नाही. सत्तेचाळीस हजार वर्षांपूर्वीचा निअँडरथल दिसतो आणि अडीचशे वर्षांपूर्वीचा शिलेदार दिसत नाही, हे विचित्र वाटेल. पण निअँडरथल आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांचाच पूर्वज झाला, त्यामुळे पुढे कितीही पिढ्या गेल्या तरी त्याचा अंश पातळ करायला कोणी उरले नाही. शिलेदार एखाद्याच घरात गेला आणि दर लग्नागणिक निम्मा होत गेला. जनुकांना समूहाचा इतिहास आठवतो. घराण्याचा इतिहास बखरीला आणि भाटाला विचारावा.

प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली काढले की उपखंडातली व्यापक मिसळ सुमारे चार हजार दोनशे ते एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या काळात झाली. नंतर जातीअंतर्गत लग्नांनी दारे लावून घेतली. त्याची किंमत २०१७ च्या एका अभ्यासात मोजलेली आहे: तपासलेल्या २६३ समूहांपैकी ८१ समूहांत थोड्या मूळ पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा फिन्निश लोक आणि अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही तीव्र निघाल्या. हे दोन समाज तर दुर्मीळ आनुवंशिक आजारांच्या अभ्यासासाठी जगभर प्रसिद्ध आहेत. आंध्रातल्या वैश्य समाजात ऑपरेशनच्या वेळी दिले जाणारे एक औषध शरीरात लवकर विरघळत नाही, रुग्णाचे स्नायू दीर्घकाळ लुळे राहतात. एक दुर्मीळ उत्परिवर्तन त्या कुंपणाच्या आत वाढत गेले, त्याचा हा परिणाम. आदिमानवाची अडचण नेमकी उलटी होती. त्याच्याकडे उत्परिवर्तने कमी होती, वाटा मोकळ्या होत्या. राजधानी क्षेत्राचा विचार करा. २०११ च्या जनगणनेवेळच्या हद्दीत इथे सुमारे चार कोटी साठ लाख माणसे होती. प्रत्येकाची स्वतःची साठ-सत्तर नवी उत्परिवर्तने धरली, तर बेरीज तीनशे कोटींच्या घरात जाते. माणसाच्या जनुकसंचातली अक्षरेही जवळपास तेवढीच. म्हणजे गाझियाबादपासून गुरुग्रामपर्यंत कुठे ना कुठे, कुणाच्या ना कुणाच्या अंगात, प्रत्येक अक्षर सरासरीने एकदा बदललेले सापडेल. अनंगपूरच्या कारागिराला ज्याची लाखो वर्षे वाट पाहावी लागली असती, ते इथे मेट्रोच्या एखाद्या डब्यात उभे असेल. ते पुढे कुठे जाईल, हे मात्र रविवारच्या वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिरातींवर ठरते, आणि त्या अजूनही जातवार रकान्यांत छापल्या जातात.